आईच्या तापाची रिकामी चौकट

प्रति,
महाराष्ट्रातले सर्व बालरोगतज्ज्ञ आणि नवजात शिशू तज्ज्ञ,
तसंच नवजात बाळांच्या उपचारांचे नियम ज्यांच्या सहीने निघतात ते सर्व अधिकारी,

स. न. वि. वि.

मी निवृत्त परिचारिका आहे. २७ वर्षांच्या नोकरीतली १९ वर्षं नवजात बाळांच्या कक्षात गेली, त्यातल्या निम्म्या रात्री तर नाईट ड्युटीच्याच. घरात बसून पत्रं लिहायची मला सवय नाही. डॉक्टरांना उलट बोलायची तर अजिबातच नव्हती. आमच्या पिढीला ती लावलीच नाही कुणी. पण पाच महिन्यांपूर्वी माझ्या भाचीच्या बाळंतपणात जे पाहिलं ते मनातून जात नाही. एकट्या त्या दवाखान्याला पत्र लिहून काही व्हायचं नाही, कारण तसंच इतर ठिकाणी चालतं हे मला माहीत आहे. म्हणून हे सगळ्यांना उद्देशून, उघड्यावर.

भाची पहिल्या बाळंतपणाला माहेरी, म्हणजे माझ्या भावाकडे आली होती. सदतिसावा आठवडा. शुक्रवारी दुपारी चारच्या सुमाराला तिला ओलं लागलं. आधी लघवीच वाटली, पहिलटकरणींना वाटतेच. रात्री दहाला कळा लागल्या तेव्हा तिला खाजगी दवाखान्यात नेलं. दाराशीच विचारलं, "पाणी जातंय का?" ती म्हणाली, "हो, आठपासून जास्तच जातंय." केस पेपरवर आठची वेळ पडली. चार वाजल्याचं माझ्या वहिनीला ठाऊक होतं, पण वहिनीला कुणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी एकला बाळ झालं. म्हणजे कागदावर पाणी जाऊन १७ तास झाले होते, प्रत्यक्षात २१. या चार तासांना काय अर्थ आहे हे तुम्हाला मी सांगायला नको. पाणी जाऊन १८ तास उलटले की बाळाला जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, ही रेघ तुम्हीच आम्हाला शिकवलीत.

दुसरी गोष्ट त्याहून साधी. सकाळी भाचीचं अंग तापलं होतं. वहिनीने तिच्या कपाळावर ओला रुमाल ठेवला, तो दोनदा बदलला. थर्मामीटर कुणी लावलं नाही. केस पेपरवर तापाच्या चौकटीत 'नॉर्मल' असा शब्द होता. आकडा नव्हता.

मी संध्याकाळी पोचले. बाळ गोड होतं, दोन किलो सहाशे, दुपारी आईला चांगलं ओढलेलं. बालरोगतज्ज्ञ तरुण, नम्र, मी नर्स आहे म्हटल्यावर खुर्ची देणारा. त्याने मला मोबाइल दाखवला. बाळाला जंतुसंसर्ग असण्याची शक्यता मोजणारं कॅल्क्युलेटर होतं त्यात. किती आठवड्यांचं बाळ, आईचा सर्वांत जास्त ताप, पाणी जाऊन किती तास, आईला अँटिबायोटिक दिलं का, अशी माहिती भरायची आणि खाली उत्तर येतं. त्याने ताप ३७ भरला होता, कारण ते यंत्र आकडा मागतं, 'नॉर्मल' हा शब्द घेत नाही. तास १७. उत्तर आलं होतं हजारात एकाहूनही कमी. "सिस्टर, अगदी निर्धास्त राहा," तो म्हणाला. मनापासूनच म्हणाला. त्याच्याबद्दल माझ्या मनात काही नाही.

रात्री एकला बाळाला पाजायला घेतलं तर ते ओढेना. मजल्यावर एकच सिस्टर होती, ती म्हणाली दमलंय, झोपू द्या. तिलाही मी काय बोलणार? अशा रात्री मीही काढल्यात, असंच कुणाला तरी सांगितलंही असेल. तीन वाजता पुन्हा घेतलं. पाय गार. रडणं सुरू होऊन अर्ध्यातच विझत होतं. मी पिशवीतलं माझं थर्मामीटर काखेत लावलं, ३५.८. श्वास मोजले, पूर्ण मिनिट, घड्याळ धरून. ६८. मग मात्र मी आत्या राहिले नाही, सिस्टर झाले, आणि डॉक्टरला उठवायला लावलं. तो वीस मिनिटांत आला, रक्त कल्चरला, म्हणजे जंतू वाढतात का ते बघायला, घेतलं, इंजेक्शनं सुरू केली. कल्चरमध्ये क्लेबसिएला हा जंतू आला. १४ दिवस उपचार चालले. बाळ वाचलं. आता पालथं पडतं, पायाचा अंगठा तोंडात घालतं.

त्या कॅल्क्युलेटरबद्दल बोलायलाच हवं, पण तुमच्यातल्या काहींना वाटेल तसं नाही. मी त्याच्या विरोधात नाही. चार मशिनं आली की 'आमच्या वेळी' म्हणत नाक मुरडणाऱ्यांतली मी नव्हे. पल्स ऑक्सिमीटर आला तेव्हा मला पेढे वाटावेसे वाटले होते.

हे यंत्र उत्तर कॅलिफोर्नियातल्या कैसर परमनंटे या आरोग्यसंस्थेतल्या संशोधकांनी तयार केलं. त्यासाठी कॅलिफोर्निया आणि मॅसॅच्युसेट्समधल्या १४ रुग्णालयांत ३४ आठवड्यांनंतर जन्मलेल्या सहा लाखांहून जास्त बाळांची माहिती धरली होती. त्याआधी तिकडे नियम असा होता की आईला बाळंतपणात ताप आला, गर्भजलात संसर्गाचा संशय आला, की बाळ कितीही ठणठणीत असो, त्याला उचलून आयसीयूत न्यायचं आणि अँटिबायोटिक द्यायचं. शेकडो निरोगी बाळांना टोचायचं, तेव्हा एखादं खरं आजारी सापडायचं. कॅल्क्युलेटर आल्यावर त्यांच्या रुग्णालयांत पहिल्या दिवसात अँटिबायोटिक मिळणाऱ्या बाळांचं प्रमाण ५ टक्क्यांवरून २.६ टक्क्यांवर आलं, रक्त कल्चर १४.५ टक्क्यांवरून ४.९ टक्क्यांवर, आणि त्यापायी बाळं जास्त दगावली असंही झालं नाही. २०१७ साली हे प्रसिद्ध झालं. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने ही पद्धत मान्य तीन पद्धतींपैकी एक म्हणून स्वीकारली. इंग्लंडमध्ये उपचारांचे नियम ठरवणाऱ्या 'नाइस' या संस्थेने २०२१ मध्ये परवानगी दिली, पण अट घातली की वापरणाऱ्या रुग्णालयाने सोबत निकालांची नोंद आणि तपासणी करत राहायचं. ही अट लक्षात ठेवा, तिच्याकडे पुन्हा येणार आहे.

या यंत्राचं दुसरं पाऊल आपल्याकडे कुणी टाकताना मला दिसत नाही. वर सांगितलेली माहिती भरल्यावर येतो तो जन्मावेळचा धोका. त्यानंतर बाळाकडे बघायचं आणि तीनपैकी एक खूण करायची: बाळ छान दिसतं, बाळाबद्दल शंका आहे, किंवा बाळ आजारी दिसतं. मूळ गणितात, छान दिसत असेल तर आधीच्या आकड्याला ०.४१ ने गुणलं आहे, शंका असेल तर ५ ने, आणि आजारी असेल तर २१.२ ने. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा चष्मा काढून पुन्हा वाचलं. आईचा ताप, पाण्याचे तास, सगळी मांडामांड एका बाजूला, आणि बाळाकडे बघणाऱ्याचा डोळा एका बाजूला. तो डोळा आकडा एकवीसपट करतो. इतकं त्या अमेरिकन गणितात लिहिलेलं आहे. मग रात्री एक वाजता, दूध न ओढणाऱ्या त्या बाळाची खूण बदलायला कुणी नव्हतं, हा दोष यंत्राचा कसा?

आता माझ्या तक्रारी. काही मोठ्या आहेत, काही बारीक; ज्या क्रमाने सुचल्या त्या क्रमाने लिहिते.

पहिली, रिकाम्या चौकटींची. लेबर रूममध्ये आईचा ताप मोजून आकड्यात लिहिला जात नाही. सगळीकडे नाही म्हणत मी, पण मी जिथे जिथे काम केलं आणि जिथे जिथे नातेवाईक म्हणून गेले, तिथे हेच चित्र बहुतेक वेळा दिसलं. बीपी लिहितात, बाळाचे ठोके लिहितात, कळा लिहितात. ताप म्हणजे 'टी नॉर्मल'. पाणी कधी गेलं याचं उत्तर कळांनी तळमळणाऱ्या बाईकडून एका वाक्यात घेतात. बाहेर बाकावर तिची आई, सासू, जाऊ बसलेली असते. ती मिनिटासकट सांगेल, कारण त्याच वेळी ती कुकर लावत असते किंवा देवाजवळ दिवा लावत असते. तिला विचारा. पाण्याचा रंग काय होता, वास येत होता का, तेही विचारा. आम्हाला शिकवलेल्या जुन्या यादीत घाण वासाचं पाणी हे एकटं कारण पुरेसं होतं. बाकीच्या कारणांतली कुठलीही तीन जमली तर ती त्या एकाच्या बरोबरीची. त्या यादीला आज कुणी हसेल, पण ती भरायला आईशी बोलावं लागायचं.

दुसरी तक्रार आकड्यांच्या मुळाशी आहे. कॅल्क्युलेटर सगळ्यांत आधी विचारतं की तुमच्या भागात हजार बाळांमागे किती बाळांना पहिल्या दिवसांतला जंतुसंसर्ग होतो. अमेरिकेत, पूर्ण दिवसांच्या बाळांत, हे साधारण दोन हजारांत एक. आपल्याकडे कुणी विचारतो का हा प्रश्न? ती चौकट जशी आहे तशी ठेवून पुढे जातात. दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात एक अभ्यास झाला, 'डेनिस' नावाने तो २०१६ मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थ या वैद्यकीय नियतकालिकात आला. आयसीयूत दाखल झालेल्या १३,५३० बाळांपैकी १४.३ टक्क्यांना जंतुसंसर्ग ठरला. कल्चरने सिद्ध झालेलाच ६.२ टक्के. एकूण संसर्गातला सुमारे दोन तृतीयांश पहिल्या ७२ तासांत. हे आयसीयूतल्या बाळांचे आकडे आहेत, सगळ्या जन्मांचे नव्हेत, मला कळतं. दिल्ली म्हणजे आपला तालुका नव्हे, तेही कळतं. तरी ज्या देशात असं चित्र आहे तिथे दोन हजारांत एक धरून हिशेब करायचा, हे मापात पाप आहे.

जंतूही वेगळे. यंत्र विचारतं, आईला ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस हा जंतू आहे का? तिकडे गर्भारपणात प्रत्येकीची ती तपासणी होते, म्हणून प्रश्नाला अर्थ आहे. आपल्याकडे बहुतेक बायकांची ती होतच नाही. आपण 'माहीत नाही' वर बोट ठेवतो. दिल्लीच्या त्या अभ्यासातल्या मुख्य जंतूंत होते असिनेटोबॅक्टर, क्लेबसिएला आणि ई. कोलाय. असिनेटोबॅक्टरपैकी ८२ टक्के अनेक औषधांना जुमानत नव्हते, क्लेबसिएलातले ५४ टक्के. सुरुवातीच्या आणि उशिराच्या संसर्गात जंतू तेच. याचा अर्थ मला एकच लागतो, आणि तो सांगताना आमच्याच पेशावर बोट ठेवावं लागतं. यातले कितीतरी जंतू बाळाला आईकडून मिळालेले नसतात. ते आमच्या हातांवरून, लेबर टेबलावरून, सक्शनच्या नळीवरून येतात. ही चौकट कुठल्याच कॅल्क्युलेटरमध्ये नाही: 'आज लेबर रूमच्या नळाला पाणी होतं का?'

तिसरी तक्रार उलट्या बाजूची आहे, आणि तिच्यात मी स्वतः गुन्हेगार आहे.

माझ्या मुलीला तीन वर्षांपूर्वी मुलगा झाला, दुसऱ्या शहरात, दुसऱ्या दवाखान्यात. बाळ ठणठणीत. कळा खूप वेळ चालल्या, शेवटी व्हॅक्यूम लावावा लागला, इतकंच. दुसऱ्या दिवशी 'रूटीन' म्हणून रक्त काढलं आणि सीआरपी, म्हणजे अंगात दाह असला की रक्तात वाढणारा घटक, १८ आला. लगेच घोषणा झाली, "इन्फेक्शन आहे, काचेत ठेवावं लागेल." सात दिवस. दोन अँटिबायोटिकं. कल्चर पाठवलं होतं का? नाही. दुसरा सीआरपी? चौथ्या दिवशी, तो नॉर्मल, तरी 'कोर्स पूर्ण करू'. मुलगी टाके सांभाळत दर तीन तासांनी जिना चढायची, बाहेर वाटीत दूध काढून द्यायची, रात्री मात्र आत पावडरचं दूध चालू होतं हे आम्हाला बिलावरून कळलं. माझ्या मुलीचं अंगावरचं पाजणं पुन्हा नीट बसायला दीड महिना लागला.

आणि मी, १९ वर्षं नवजात कक्षात काढलेली, गप्प बसले. मला माहीत होतं की जन्मानंतरच्या दोन-तीन दिवसांत सीआरपी नुसत्या लांबलेल्या कळांनीही, व्हॅक्यूमनेही वर जातो. मला माहीत होतं की त्याचा खरा उपयोग अँटिबायोटिक थांबवायला होतो: बारा-चोवीस तासांच्या अंतराने दोनदा नॉर्मल आला, कल्चर कोरं आलं, बाळ पितंय, की थांबवा. ती परीक्षा पास करणारी तपासणी आहे, नापास करणारी नव्हे. हे मी विद्यार्थिनींना वर्गात सांगितलंय. आणि नातवाच्या वेळी 'उगाच काही झालं तर?' या भीतीने तोंड उघडलं नाही. नातेवाईक असंच गप्प बसतात, मी तर आतली. जी बाई बाहेरची आहे, जिने दागिना गहाण ठेवून डिपॉझिट भरलंय, ती काय विचारणार?

तुमच्या मनातली भीतीही मला ठाऊक आहे, डॉक्टर. एक बाळ हातचं गेलं की काचा फुटतात, पोलीस येतात, पेपरात फोटो येतो. सात दिवस जास्तीचं अँटिबायोटिक दिलं म्हणून मात्र आजवर कुणाची काच फुटलेली नाही. मग माणूस इंजेक्शनकडे झुकणारच. पण त्याच भीतीने आपण मेरोपेनेम, कोलिस्टिन या शेवटच्या फळीतल्या अँटिबायोटिकांपर्यंत आलो. पूर्वी अँपिसिलिन आणि जेंटामायसिनवर बरी होणारी बाळं मी पाहिलीत. शेवटच्या वर्षांत रिपोर्टच्या कागदावर ओळीने 'आर, आर, आर, आर', म्हणजे जंतू औषधाला जुमानत नाही, असं छापलेलं बघायची सवय झाली होती.

चौथी तक्रार फार जुनी आहे आणि दर वेळी तीच म्हणून ऐकणाऱ्यालाही कंटाळा येतो: माणसं नाहीत. बाळाकडे पुन्हा पुन्हा बघायचं असेल तर बघणारी हवी. माझ्या एका नाईटला मी एकटीने १८ बाळं सांभाळली आहेत. त्या रात्री मी कुणाकडेही बघितलं नाही, मी नुसती सलाइनं बदलली. याहून जास्त या मुद्द्यावर लिहीत नाही.

आता घरचा विषय. कॅलिफोर्नियाची गोष्ट आपण मोबाइलमध्ये ठेवली आणि गडचिरोलीची विसरलो. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने नव्वदच्या दशकात ३९ गावांत जे काम केलं ते १९९९ साली लॅन्सेटमध्ये आलं. थोड्याशा शिकलेल्या गावातल्या बायका, त्यांना आरोग्यदूत म्हणत, घरोघर जाऊन बाळं तपासायच्या, संसर्ग ओळखायच्या, जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायच्या. त्या गावांतला नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून साधारण २५ वर आला. संसर्ग झालेल्या बाळांतली दगावण्याची टक्केवारी १६.६ वरून २.८ वर आली. जिथे वीज धड नव्हती तिथे.

त्यांनी कसं ओळखलं? २००५ मध्ये त्यांनी ते गणितही मांडलं. सात खुणा: दूध ओढणं कमी किंवा बंद, रडणं क्षीण किंवा बंद, हातपाय ढिले, उलट्या किंवा पोट फुगणं, आई म्हणते बाळ गार लागतंय, छाती खोल आत ओढली जाणं, नाळेला संसर्ग. यातल्या कुठल्याही दोन एकाच वेळी दिसल्या की उपचार सुरू करा किंवा पाठवा. बस्. रक्त नाही, मशिन नाही, मोबाइल नाही.

पाचवी खूण पुन्हा वाचा. 'आई म्हणते.' एका संशोधनाने आईच्या तळहाताला खुणेचा दर्जा दिला, आणि तोही आपल्याच राज्यात. मग माझ्या भाचीने एक वाजता सिस्टरला "याचं अंग गार लागतंय हो" म्हटलं तेव्हा तिला उत्तर मिळालं की एसी कमी करते. त्या वेळी बाळात दोन खुणा होत्या. गडचिरोलीच्या आरोग्यदूतीने दोन तास आधी इंजेक्शन भरलं असतं.

(कुणी म्हणेल, ती खेड्यातल्या घरासाठीची यादी, दवाखान्यासाठी नव्हे. बरोबर. पण आज आपले दवाखानेच बाळाला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी पाठवतात. आशाताईची पहिली फेरी तिसऱ्या दिवशी, मग सातव्या. मधल्या वेळात घर हाच वॉर्ड आणि आई हीच सिस्टर. तिला ही यादी हातात देऊन पाठवलेलं मी क्वचितच पाहिलंय. लसीकरणाचं कार्ड मात्र चोख.)

आमच्या मागण्या साध्या आहेत. 'आमच्या' म्हणते, कारण हे पत्र लिहिण्याआधी मी सोबत काम केलेल्या काही सिस्टरांना वाचून दाखवलं, त्यांनी दोन-तीन गोष्टी त्यात घातल्या.

लेबर रूममध्ये दर चार तासांनी आईचा ताप मोजून आकड्यात लिहावा. 'नॉर्मल' हा शब्द त्या चौकटीत चालणार नाही, असं लेखी काढावं. पाणी गेल्याची वेळ आईला आणि सोबतच्या बाईला, दोघींना विचारून लिहावी. हा कागद बाळासोबत जावा. आईची फाइल एका मजल्यावर आणि बाळाची दुसऱ्या, हे बंद व्हावं.

ज्या बाळाच्या बाबतीत एक जरी धोक्याचं कारण असलं, त्याला पहिले १२ तास दर दोन तासांनी आणि पुढे ४८ तासांपर्यंत दर चार तासांनी बघावं. बघणं म्हणजे दारातून डोकावणं नव्हे. श्वास पूर्ण मिनिट मोजणं, काखेतलं तापमान, रंग, दूध कसं ओढतंय, हाताला गार की कोमट, आणि खाली सही. त्या कागदावर एक ओळ आईसाठी असावी: 'आईला काय वाटतं?' तिथे ती जे म्हणेल ते तिच्या शब्दांत लिहावं.

रक्त कल्चरला घेतल्याशिवाय अँटिबायोटिकचा पहिला डोस जाऊ नये, अगदी जीवघेण्या घाईचा प्रसंग सोडून. निदान एक मिली रक्त घ्यावं. दोन थेंबांत जंतू सापडत नाही आणि मग 'कल्चर निगेटिव्ह पण क्लिनिकली सेप्सिस', म्हणजे जंतू सापडला नाही पण लक्षणं संसर्गाची, असं लिहिलं जातं. पहिला डोस लिहितानाच ३६ ते ४८ तासांवरची एक तारीख आणि वेळ लिहावी, त्या वेळी थांबवायचं की चालू ठेवायचं हे डॉक्टरने कारणासह लिहावं. एकट्या सीआरपीवर कुठल्याही बाळाला आईपासून तोडू नये.

मोबाइलवरचं कॅल्क्युलेटर वापरायचं तर दोन्ही पावलं टाकून वापरावं, आणि इंग्लंडने घातलेली अट आपणही घालावी: जो वापरेल त्याने नोंद ठेवायची. किती बाळांना 'धोका नाही' म्हटलं, त्यातली किती नंतर आजारी पडली. हे आकडे दर वर्षी लोकांसमोर ठेवावेत, सरकारी आणि खाजगी दोन्ही. अशी दोन-तीन वर्षांची नोंद जमली की आपल्या राज्याचा स्वतःचा हजारी आकडा मिळेल, आपल्या जंतूंचा हिशेब मिळेल, आणि मग आपलं यंत्र बनवता येईल. गडचिरोलीत वहीवर झालं ते बाकीच्या जिल्ह्यांत संगणकावर व्हायला हरकत नसावी.

प्रत्येक आईला घरी जाताना सात खुणांचा कागद मिळावा, आणि तो तिला वाचून दाखवलेला असावा. मराठीत, गोंडीत, भिलीत, हिंदीत, जिथे जी भाषा असेल तिच्यात. सोबत एक फोन नंबर, जो रात्री तीनला उचलला जाईल.

आणि माणसं भरा. हे मागणीत लिहिलं नाही तर सिस्टर मला घरात घेणार नाहीत.

दर दोन तासांनी बघण्याचा एक पानी तक्ता मी आणि माझ्या सोबतिणींनी तयार केला आहे. त्यात तापाच्या चौकटीला दशांश चिन्ह आधीच छापलेलं आहे, म्हणजे तिथे शब्द लिहिताच येत नाही. ज्या वॉर्डाला हवा असेल त्यांनी घेऊन जावा, त्यावर आमचं नाव नाही. वापरायला कठीण गेला तर कुठे कठीण गेला ते कळवा, आम्ही बदलू.

आपली,
एक निवृत्त परिचारिका